अल्दाच्या दंडावरचे डाग

आमच्या स्टापाविक गावच्या पोहण्याच्या तलावावर अल्दा बायकांच्या न्हाणीघराची राखण करते. काम साधं आहे. तलावात उतरण्याआधी प्रत्येकीनं सगळे कपडे काढून, साबण लावून अंग धुवायचं. भिंतीवर माणसाच्या देहाचं चित्र आहे. त्यात डोकं, काखा, जांघा आणि पावलं लाल रंगानं भरली आहेत. परदेशी पाहुण्या पोहण्याचा पोशाख घालूनच फवाऱ्याखाली उभ्या राहतात आणि अंगावर पाणी उडालं की झालं असं समजतात. अल्दा त्यांना परत पाठवते. एका जर्मन बाईनं एकदा चिडून विचारलं होतं, "तुम्ही इथं उभ्या राहून बघणार का?" अल्दा म्हणाली, "हो. त्याचाच पगार मिळतो मला."

गावातल्या बायकांचे देह तिला पाठ आहेत. कुणाच्या पोटावर टाक्यांची रेघ आहे, कुणाचं एक स्तन काढलंय, कुणाच्या पायांत निळ्या शिरांचं जाळं झालंय. यावर न्हाणीघरात कुणी बोलत नाही. तिथं वारा, माशांचा भाव आणि नातवंडं एवढेच विषय. बघायचं सगळ्यांनी आणि बोलायचं कुणी नाही, ही रीत इथल्या मुलींना पोहण्याआधी येते. देहाबद्दलचं बोलणं बाहेर, बायका-पुरुष पोशाख घालून एकत्र बसतात त्या गरम पाण्याच्या कुंडात होतं. तेही ज्याचा देह तो घरी गेल्यावर.

गेल्या शरद ऋतूत अल्दा टॉवेलांच्या खोलीत जाऊन रडायला लागली. कारण सापडत नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं. सकाळी उठून मोजे घालायचे म्हटले तरी तिला पलंगाच्या कडेवर बराच वेळ बसून राहावं लागे. नवरा तोर्फी म्हणाला, वयाचं असेल, नाहीतर इथल्या हिवाळ्यातल्या लांब अंधाराचं. डोंगरापलीकडच्या शहरातून दर आठवड्याला येणाऱ्या डॉक्टर एस्तेरनं सगळं ऐकून घेतलं आणि नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या.

औषधं आमच्या सहकारी दुकानाच्या मागच्या खिडकीत मिळतात. खिडकीत ओद्नीची, म्हणजे कुंडातल्या सगळ्यात वयस्कर बाईची, सून बसते. म्हणून अल्दा बर्फातून घाट ओलांडून शहरात गेली आणि तिथून गोळ्या घेऊन आली. या देशात मन उतरल्यावरच्या गोळ्या घेणारे कमी नाहीत, असं वर्तमानपत्रं दर वर्षी छापतात. स्टापाविकात मात्र त्या कुणी घेत नाही. म्हणजे घेतो असं कुणी म्हणत नाही. त्यांना इथं 'खुशीच्या गोळ्या' म्हणतात, आणि म्हणताना हसतात.

सगळ्यात जास्त हसवलं होतं अल्दानंच. काही वर्षांपूर्वी राजधानीहून एक तरुण शिक्षिका आली होती. ती सरळ सांगायची, की मी गोळ्या घेते, नाहीतर हा अंधार मला सोसत नाही. अल्दा कुंडात म्हणाली होती, "दोन मलाही दे गं बाई, रविवारी सासूकडे जेवायला जायचंय." कुंड हसून हसून हिंदकळलं. शिक्षिकाही हसली. वसंत ऋतूत तिनं बदली मागून घेतली. त्या हशाची आठवण अल्दाला आता रोज सकाळी येत होती, गोळी जिभेवर ठेवताना. गोळ्या ती घरी ठेवत नव्हती. पोहणाऱ्या बायका विसरून गेलेल्या चष्म्यांचं एक खोकं न्हाणीघरात असतं. त्याच्या तळाशी ती त्या ठेवायची. सोबतचा माहितीचा कागद तिनं शहरातच फेकून दिला होता, तोर्फीच्या हाती लागू नये म्हणून.

गोळ्यांनी गुण आला. झोप लागू लागली, मोजे चढू लागले. घाम मात्र फार यायचा; कॉफी पिताना मानेवरून ओघळ उतरायचे. मग डाग दिसू लागले. आधी मांडीवर, बाकाच्या कडेला टेकलं होतं तिथं. मग कमरेवर, मग दंडावर. मुलांच्या तरंगत्या फळ्या ठेवायची तारेची टोपली ती दंडाशी धरून वाहून नेते. त्या तारांचे चार निळे पट्टे एकाखाली एक उमटले. कडेनं ते पिवळे पडले, मधे जांभळे राहिले. दुरून पाहिलं तर कुणी तरी घट्ट धरल्याची बोटं वाटावीत.

फरशी पुसून तिचा खांदा धरला होता, त्यासाठी ती दुकानातून आयबुप्रोफेनच्या वेदनाशामक गोळ्या आणून घेत होती. त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. डाग मनाच्या गोळ्यांमुळं असतील अशी शंका तिला येत होती, पण या दोन गोळ्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

कामाची पाळी संपली की अल्दाही कुंडात बसते, आणि त्याआधी इतरांसारखीच सगळ्यांदेखत अंग धुते. तिनं टाळाटाळ केली असती तर ते सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं असतं, की न्हाणीघराची राखणदारच न धुता चाललीय. म्हणून ती धुवत राहिली. फ्रीदानं डाग पाहिले. फ्रीदा म्हणजे जुन्या मच्छीमार ग्रीमुरची बायको. रीत मोडून ती हळूच म्हणाली, "हे कशानं गं?" अल्दा म्हणाली, होडीच्या कठड्यावर आपटले. दुसऱ्या दिवशी ओद्नीनं नुसतं दंडाकडे पाहिलं. तेव्हा अल्दा आपणहून म्हणाली, कपाटाचं दार लागलं.

अल्दाची होडी, म्हणजे तोर्फीची, ऑक्टोबरपासून किनाऱ्यावर ताडपत्रीखाली उलटी पडली होती. हे कुंडातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि दोन्ही उत्तरं त्याच आठवड्यात कुंडात एकत्र आली.

त्यानंतर बायका तिच्याशी गोड बोलू लागल्या. फ्रीदानं राईचा पाव पाठवला. एकीनं विचारलं, एकटीच ये ना कॉफीला, एकटीच. अल्दाला आधी बरं वाटलं. मग नाताळच्या तोंडावर तलावाची व्यवस्थापक ब्रिन्या हिनं तिला आत बोलावलं.

"दार लावून घे, अल्दा."

"का? पुन्हा क्लोरीन कमी पडलं?"

"बस. घरी ठीक आहे ना सगळं?"

"घरी काय व्हायचंय? काल तोर्फीनं कालवण करपवलं, तेवढंच."

ब्रिन्या हसली नाही. टेबलावरचं पेन तिनं इकडून तिकडे ठेवलं. "हे बघ, एक फोन नंबर आहे. कधीही लावता येतो, नाव सांगावं लागत नाही. तो हात उचलत असेल तर त्यात तुझी काही चूक नाही."

अल्दाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिच्या मानेवरून घाम उतरला, आणि ब्रिन्यानं तोही पाहिला. एका वाक्याचं काम होतं. मी गोळ्या घेते, त्यांच्यामुळं असेल कदाचित. समोर बसलेल्या बाईनं शिक्षिकेच्या वेळी कुंडात सगळ्यांबरोबर हसून घेतलं होतं. अल्दा म्हणाली, "छे गं, तसलं काही नाही. पायऱ्यांवर घसरले." ही तिसरी गोष्ट झाली.

तोर्फी मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. बर्फात अडकलेल्या गाड्या, डोंगरात हरवलेली माणसं, वादळात उडालेली छपरं, यांच्यामागं धावणाऱ्या गावच्या बचाव पथकाचा तो कितीतरी वर्षं प्रमुख होता. कुंडात तो उतरला की पाण्याची पातळी वाढते आणि बोलण्याचीही, असं लोक म्हणायचे. त्या हिवाळ्यात तो उतरला की बायका एकेक करून उठू लागल्या. फ्रीदाला एकदम थंडी वाजायची, दुसरीला नातवंडं आणायची असायची. ग्रीमुर हवामानाचं बोलायचा आणि हवामान संपलं की तोही उठायचा. तोर्फीला वाटलं, आपण जास्त बडबडतो. तो कमी बोलू लागला.

हे सगळं अल्दानं न्हाणीघराच्या काचेतून पाहिलं. एकदा नव्हे, बरेचदा.

जानेवारीच्या शेवटी थोरीची जेवणावळ होते. थोरी हा भर हिवाळ्याचा जुना महिना. समाजमंदिरात लांब टेबलं मांडतात, त्यावर भाजलेली मेंढ्यांची मुंडकी, आंबवलेलं मांस, नाक दाबून खायचा शार्क आणि तो खाली ढकलायला दारू. जेवण झाल्यावर त्या वर्षी नेमलेली मंडळी गावाची सोंगं करून दाखवतात. वर्षभरात कोण कुठं फसलं, कुणाचं काय हसं झालं, ते त्याच्याच समोर. आमच्याकडं यात कुणी रागावत नाही. सोंगात आपलं नाव आलं नाही तर मात्र माणूस विचारात पडतो.

तोर्फीचं नाव येणारच होतं. उन्हाळ्यात एका परदेशी जोडप्याची गाडी नदीत अडकली. तोर्फी त्यांना हसत हसत ओढायला गेला आणि त्याचीच जीप पाण्यात बसली. शेवटी दोन्ही गाड्या एका शेतकरणीच्या ट्रॅक्टरनं बाहेर काढल्या. असा मासला कुठल्या गावाला दर वर्षी मिळत नाही. तोर्फी टाय लावून पुढच्या टेबलावर बसला, आणि आपलं सोंग आलं की उठून मुजरा कसा करायचा ते त्यानं घरी अल्दाला करून दाखवलं होतं.

सोंगं झाली. पाद्रीबाईंच्या मांजरीचं झालं. ब्रिन्यानं राष्ट्रीय दिनाला झेंडा उलटा लावला त्याचं झालं. ग्रीमुरच्या नव्या दातांवर एक अख्खं गाणं झालं. नदी आली नाही, जीप आली नाही. शेवटी सगळे रांगेत उभे राहून वाकले. तोर्फीनं टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा किंचित जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉफी ओतताना, तो म्हणाला, "माझं सोंग का नाही केलं त्यांनी?"

"वेळ पुरला नसेल."

"मांजरीला पुरला की." त्यानं कपात साखर टाकली आणि ढवळली नाही. "मी कुणाचं काय वाकडं केलंय, अल्दा? तुला काही कानावर आलंय?"

तिनं नाही म्हटलं आणि भांडी घासायला घेतली.

फेब्रुवारीत बचाव पथकाची सभा झाली. कुणीतरी फार सभ्यपणे म्हणालं, की प्रमुखपदी आता तरुण रक्त यावं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी निम्म्यांना तोर्फीनंच दोरी बांधायला शिकवलं होतं. तो घरी आला, कमरेचं वायरलेस यंत्र काढलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसला. हे उद्या परत करायचं, एवढंच बोलला.

तेव्हा अल्दानं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, बसली असती तर सांगून झालं नसतं. रडणं, डॉक्टर, गोळ्या, चष्म्यांचं खोकं. मग बाह्या वर करून दंड दाखवला आणि लोक काय समजतात ते सांगितलं. तोर्फीनं डाग आधी पाहिले नव्हते असं नाही. काम करणाऱ्या बाईच्या अंगावर डाग असतात, असं त्याला वाटलं होतं.

"म्हणजे मी तुला मारतो," तो म्हणाला.

"असं त्यांना वाटतं."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलायची तिला एव्हाना सवय झाली होती, पण या प्रश्नाला ती खोटं बोलली नाही. "नाताळच्या आधीपासून."

तोर्फी बराच वेळ यंत्राचं बटण फिरवत राहिला. "गोळ्या घे, नको घेऊस, मला काय त्याचं. बरं वाटतंय ना, मग घे. पण ती माणसं माझ्या शेजारून उठून जात होती आणि तू काचेतून बघत होतीस." तो जाकीट घालून बाहेर गेला आणि उलट्या होडीचा तळ खरवडत बसला. त्या थंडीत रंगाची एक चकतीही निघत नाही.

अल्दानं डॉक्टर एस्तेरला फोन केला. एस्तेरनं पहिलाच प्रश्न विचारला, आणखी कुठलं औषध चालू आहे? आयबुप्रोफेन, अल्दा म्हणाली. मनाच्या या गोळ्यांनी काही जणांचं रक्त जरा उशिरा गोठतं, एस्तेर म्हणाली. त्यात आयबुप्रोफेनची भर पडली की साध्या धक्क्यानंही साकळतं. ते आजपासून बंद, खांद्याला दुसरं काही देऊ, रक्त तपासू. मनाच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं एकदम सोडायच्या नाहीत. मग म्हणाली, "हे तू मला आधीच सांगायला हवं होतंस." हे तर अल्दाला कळलंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती कुंडात बसली. ओद्नी होती, फ्रीदा आणि ग्रीमुर होते, आणखी दोघीतिघी. वाफेत तोंडं नीट दिसत नव्हती, ते बरं होतं. ती म्हणाली, "तोर्फीनं मला कधी बोट लावलेलं नाही. माझं मन उतरलं होतं, त्यासाठी मी गोळ्या घेते. त्यांनी हे डाग पडतात."

कुणी हसलं नाही. लोकांच्या हसण्याचा धाक तिनं महिनोन्‌महिने बाळगला होता, आणि हसणं आलंच नाही. फ्रीदा पाण्यातून सरकत जवळ आली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरं हो, अल्दा. तू म्हणशील तसं. आमचं दार केव्हाही उघडं आहे."

होडीचा कठडा, कपाटाचं दार, पायऱ्या, आणि आता गोळ्या. अल्दा फ्रीदाच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला कळत होतं, की हिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच बोललो असतो. नवऱ्याला वाचवण्यासाठी बिचारी आपल्याच अंगावर वेड ओढून घेतेय, असं घरी जाऊन सांगितलंही असतं.

ओद्नी पाण्याकडे बघत होती.

नंतर न्हाणीघरात दोघीच उरल्या. ओद्नी साबण लावत होती, तलावातून आल्यावर लावायची काही गरज नसताना.

"कुठल्या गोळ्या?" तिनं विचारलं.

"पांढऱ्या. मधे रेघ असलेल्या."

"मला त्याच होत्या. मग डॉक्टरनं बदलल्या."

"कधी?"

"एइनार गेल्यावर."

एइनार हा ओद्नीचा नवरा. तो गेल्यावरच्या हिवाळ्यात ओद्नीच्या पायांवर असेच डाग होते. अल्दाला ते आत्ता आठवले. तिनं पाहिले होते आणि म्हातारपणाचे म्हणून सोडून दिले होते. विधवेच्या अंगावरच्या डागांना कुणी धनी शोधत नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," अल्दा म्हणाली.

"पहिल्या दिवशीच शंका आली होती."

"आणि तू गप्प बसलीस."

ओद्नीनं फवारा बंद केला. "तूही बसलीसच की."

 ओद्नीनं केस पिळले. ते पातळ झाले होते, मधून टाळू दिसत होती. जाताना ती म्हणाली, "त्या शिक्षिकेला तू बोललीस ना, तेव्हा मी गोळी घेऊनच आले होते कुंडात. मीही हसले होते."

पुढचं अल्दानं स्वतः ऐकलं नाही, ब्रिन्याकडून कळलं. एका सकाळी कुंडात फ्रीदा अल्दाची कीव करत होती, तेव्हा ओद्नी म्हणाली, अल्दा खरं बोलतेय. फ्रीदानं विचारलं, तुला काय ठाऊक? ओद्नी म्हणाली, "मीही असल्या गोळ्या घेते. दहा वर्षं होतील."  मग ग्रीमुर म्हणाला, वारा उत्तरेकडे वळतोय.

तोर्फीची माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडं ती पद्धत नाही. एका सकाळी दाराच्या कडीला सुकवलेल्या हॅडॉक माशांची पिशवी अडकवलेली होती, कुणी ठेवली ते कळलं नाही. तोर्फीनं ती काढली नाही. दोन दिवसांत डोमकावळ्यांनी ती फाडली. पथकाच्या पोरांनी त्याला पुन्हा बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, गाडी चालवायला येईन, बाकी तुम्ही बघा.

अल्दाचे डाग मार्चपर्यंत विरले. खांद्याला आता ती मलम चोळते. गोळ्या चालू आहेत आणि त्या घरातच असतात, फडताळात मिठाच्या बरणीशेजारी. तोर्फी त्या बाजूला सारून मीठ घेतो. त्यानं त्यांच्याबद्दल पुन्हा काही विचारलेलं नाही.

तलावावर तो बरेच दिवस गेला नाही. एका शनिवारी आपणहून टॉवेल पिशवीत टाकून तिच्याबरोबर निघाला. आदल्या दिवशी पाऊस पडून गोठला होता, तलावाच्या पायऱ्या काचेसारख्या झाल्या होत्या. दोघं शेजारी चालत होती, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. हे अंतर तोर्फीच ठेवत होता, गावात, दुकानात, सगळीकडं. जाळीपलीकडं कुंडात फ्रीदा, ग्रीमुर आणि ओद्नी बसले होते आणि वाफेतून इकडं बघत होते.

तिसऱ्या पायरीवर अल्दाचा पाय सटकला. तोर्फीचा हात पुढं आला आणि तिच्या दंडापाशी हवेतच थांबला. ती गुडघ्यावर पडली.

"धर की," ती म्हणाली.

त्यानं कुंडाकडं पाहिलं. मग खांद्यावरची पिशवी काढली आणि तिचा पट्टा पुढं केला. अल्दा पट्टा धरून उठली.